फळीवरचं शिंगरू

गल्लीतली मुलं त्यांना घोडेकाका म्हणत, आणि मुलांचं ऐकून मोठी माणसंही तेच म्हणू लागली. नाव उगाच पडलं नव्हतं. खेळण्यांच्या कारखान्यासाठी लाकडी घोडे कोरण्यात त्यांनी उभी हयात घालवली. घोडा एकच. मान ताठ, पुढचा उजवा पाय उचललेला, शेपूट मागे वळलेलं. थोरल्या मालकांनी नमुना ठरवून दिला तो दिला. पुढे थोरले मालक गेले, त्यांच्या खुर्चीत धाकटे येऊन बसले, कारखान्याचं छप्पर बदललं, पण घोड्याने उचललेला पाय काही खाली टेकवला नाही.

काम घरीच चाले. कारखान्यातून लाकडाचे ठोकळे येत आणि घोडे होऊन परत जात. पुढच्या खोलीत खिडकीपाशी घोडेकाकांचं बाक, पटाश्या, हातोडी आणि पायाशी कायमचा ढलप्यांचा ढीग. समोरच्या भिंतीशी काकूंचं टेबल. कोरलेला घोडा घासून गुळगुळीत करायचा आणि त्याला मेण चढवायचं, हे काकूंचं काम. त्यांच्याकडे पॉलिश पेपरचे तुकडे जाड, मध्यम, बारीक असे निरनिराळ्या डब्यांत असत, आणि एका डब्यातला तुकडा दुसऱ्यात गेला तर घरात भांडण होई. शेवटचा हात झाला की काकू डोळे मिटून घोडा गालावरून फिरवत. बोटं फसतात, गाल फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पटाशीची केसाएवढी रेघ राहिली असली तरी त्यांच्या गालाला ती कळे, आणि मग घोडा परत टेबलावर येई.

बाक आणि टेबल यांच्यामध्ये भिंतीवर एक फळी होती. कोरून झालेला घोडा घोडेकाका तिच्यावर ठेवत, काकू तिथून उचलत. "हा घे," नाही की "हा झाला," नाही. फळीवर आलं ते घासायचं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात ही पद्धत पडली आणि तिच्यावरून दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण झाली नाही. घोडेकाका मुळातच अबोल. ते बोलायला लागले तर कुणीतरी आजारी असेल असं समजावं.

एवढ्यावर माणसाने सुखाने राहायला हरकत नव्हती. पण घोडेकाकांच्या डोक्यात एक किडा होता. कारखान्याचं काम संपलं की ते स्वतःचं काहीतरी कोरायला बसत. कधी कुत्रा, कधी पाणी भरणारी बाई, कधी नुसताच हात. आठवडेच्या आठवडे त्यावर घालवत. ते बाकावरच पुरं होई, बाकावरच ते त्याच्याकडे टक लावून बघत बसत, आणि मग उठून ते चुलीत घालत. त्यातलं एकही कधी फळीवर आलं नाही.

"एवढं कोरीव जळण राजाच्या घरीसुद्धा जळत नसेल," काकू म्हणत. आधी थट्टेने म्हणत, मग चिडून. लेक तान्ही असताना घोडेकाकांनी तिला झोपलेली कोरली होती. मूठ तोंडाशी घेतलेली, गाल एका बाजूला दबलेला. काकूंना ते इतकं आवडलं, की त्यांनी न विचारताच कपाटात जागा केली. सकाळी बघतात तर चुलीत राख.

"अहो, पोरीला कुणी जाळतं का?"

"ती आपली पोर नव्हती," घोडेकाका म्हणाले. "कुणाचीही पोर होती. ती मी केलेलीच नाही, माझ्या हाताने केली. हाताला सवय झालीय. मी सांगतो एक, तो करतो मालकांचा घोडा."

त्या दिवशी काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. पण हे त्यांच्या मनातून गेलं नाही. सोन्यानाण्याचा त्यांना सोस नव्हता. त्यांना एवढंच वाटे, की मरण्याआधी या माणसाची एक तरी वस्तू त्याच्या मनासारखी व्हावी, आणि ती चुलीत न जाता घरात राहावी.

वयाबरोबर घोडेकाकांचे हात थरथरू लागले. आधी चहाचा कप बशीत वाजायचा, मग पटाशी लाकडावर वाजू लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे आता असंच राहणार असंही सांगितलं. घोड्यांचे कान वाकडे निघू लागले. धाकटे मालक माणूस वाईट नाही. ते स्वतः घरी आले, "काका, खूप केलंत, आता आराम करा," म्हणाले, आणि उरलेले ठोकळे गाडीत घालून घेऊन गेले. काकूंची फळी रिकामी झाली. त्या रोज तिच्यावरची धूळ पुसत.

घोडेकाका बाकाशी नुसते बसून राहत. ते बघवेना म्हणून त्यांचा मित्र त्यांना रोज फिरायला नेऊ लागला. हा मित्र कातारी, म्हणजे फिरत्या यंत्रावर लाकूड गोल कातणारा. कारखान्याच्या घोड्यांना चाकं त्याचीच. "घोडा माझ्यामुळे पळतो, तू नुसता त्याला उभा करतोस," असं तो आयुष्यभर घोडेकाकांना चिडवत आला होता. एका सकाळी तो त्यांना नदीपलीकडच्या तबेल्यात घेऊन गेला. आणि खरी गंमत अशी, की घोडेकाकांनी खरा घोडा जवळ उभं राहून नीट असा कधी बघितलाच नव्हता. गरजच काय होती? नमुना होता.

तबेल्यात घोडी नुकतीच व्यायली होती, शिंगरू तिच्या पायांशी होतं. दुपारी घरी आल्यावर घोडेकाकांनी जेवता जेवता आपण होऊन तोंड उघडलं. "उभं राहायला बघत होतं," ते म्हणाले. "चार पाय चार दिशांना. मागचे दोन उचलायचं, की पुढचे दुमडायचे. पडायचं. अंगभर थरथरत होतं, पण परत तेच." एवढं बोलून त्यांनी पानातला घास तसाच ठेवला. काकूंनी भाजी वाढली आणि म्हणाल्या, "गार होतंय, जेवा."

दुसऱ्या दिवसापासून ते एका अक्रोडाच्या ठोकळ्यापाशी बसले. काम थांबवलं की त्यावर जुना सदरा टाकून ठेवत. हातोडीचा आवाज आता वेगळा येई. पूर्वी तो भिंतीवरच्या घड्याळासारखा चाले, आता एक ठोका पडला की पुष्कळ वेळ शांतता. काकू स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत. त्यांचं काळीज तुटे. एका ठोक्यानंतर हाताला एवढी विश्रांती लागते, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. चुलीत घालायचा दिवस कधी उजाडतो, एवढंच त्या बघत होत्या.

तो दिवस उजाडला नाही. त्या दिवसांत थंडी भारी होती आणि घोडेकाका खोकत होते. एका दुपारी त्यांनी सदरा बाजूला केला, शिंगरू उचललं, थरथरत्या दोन्ही हातांनी सांभाळत नेलं आणि फळीवर ठेवलं. काकू तेव्हा बाजारात होत्या. त्या आल्या तेव्हा घोडेकाका फळीखालच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांना धाप लागली होती. त्यांना बोलायचं होतं, पण श्वासच पुरेना. शेजारी धावले, कातारी गाडी घेऊन आला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय, ठेवून घ्यावं लागेल.

त्यांचे कपडे न्यायला काकू घरी आल्या, तेव्हा त्यांनी ते पाहिलं. शिंगरू उठत होतं. मागचे पाय उभे झालेले, पुढचे अजून गुडघ्यांवर, मान पुढे ताणलेली. आणि अंगभर, मानेपासून खुरांपर्यंत, पटाशीचे घाव. लहान, मोठे, तिरपे. दोन घाव सारखे नाहीत, एक घाव सरळ नाही. ज्या माणसाच्या घोड्यावर घासायला फारसं काही उरत नसे, त्याचं हे काम! काकू फळीखाली उभ्या राहून रडल्या. नवऱ्याचा हात गेला हे त्यांना ठाऊक होतं, पण किती गेला ते त्या घावांवरून त्यांना आज कळलं.

रडता रडता त्यांना दुसरी गोष्ट सुचली, आणि त्यांचे डोळे कोरडे झाले. घोडेकाकांनी हे जाळलं नव्हतं. त्यांनी हे फळीवर ठेवलं होतं. एवढ्या वर्षांत स्वतःची म्हणून पहिली वस्तू त्यांनी आपल्याकडे सोपवली होती. माणूस आजारी आहे, डोक्यात ताप आहे, म्हणून त्यांना हे घाव दिसले नसतील. बरे होऊन आले, शुद्धीवर येऊन बघितलं, की याचीही राख. ते येण्याआधी हे निस्तरायला हवं. काकूंनी डबे काढले.

सकाळ-संध्याकाळ दवाखाना आणि मधल्या वेळात शिंगरू, असा काकूंचा क्रम सुरू झाला. असं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. अक्रोड कठीण, घाव खोल. जाड कागदाने घाव काढायचा, पण अंगाचा बाक बिघडू द्यायचा नाही. ओल्या फडक्याने पुसून लाकडाचे तंतू उभे करायचे आणि पुन्हा घासायचं. प्रत्येक घावाशी त्यांची वेगळी झटापट झाली. बोटांची टोकं सोलली, तर त्यांना चिंध्या बांधल्या. लेक परगावाहून आली होती, ती म्हणाली, "आई, जरा पडत जा ना." काकू म्हणाल्या, "बाबांना येऊ दे, मग पडते."

दवाखान्यात घोडेकाकांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, त्यामुळे बोलणं नाहीच. एकदा काकूंनी वाकून त्यांच्या कानाशी सांगितलं, "फळीवरचं मी घेतलंय हं हातात. तुम्ही अगदी निश्चिंत राहा." घोडेकाकांचे डोळे मोठे झाले. त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि तो हवेत थरथरत राहिला. बिचाऱ्यांना आनंद झाला, असं काकूंना वाटलं. त्यांनी तो हात धरला, दाबला आणि हलकेच परत पांघरुणात घातला.

घोडेकाका घरी आले ते पाठीला उशी लावून, दोन्हीकडून धरून. निम्मे झाले होते. काकूंनी त्यांना पलंगावर बसवलं, चहा दिला, आणि धीर धरवेना म्हणून लगेच शिंगरू आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मेण चढवलेलं अक्रोडाचं लाकूड खिडकीच्या उजेडात चमकत होतं. घोडेकाकांनी अंगठा त्याच्या मानेवर ठेवला. तो पाठीवरून गेला, पोटाखालून गेला, गुडघ्यांपाशी थांबला, परत मानेवर आला. ते काहीतरी शोधताहेत असं वाटत होतं.

"सगळं घासलंस?"

"सगळं. एक रेघ ठेवली नाही," काकू म्हणाल्या. "गालाला लावून बघा हवं तर."

घोडेकाकांनी अंगठा मानेवरून काढला. मग म्हणाले, "हात छान आहे गं तुझा."

काकूंचा जीव भांड्यात पडला. हे वाक्य त्यांनी उभ्या संसारात ऐकलं नव्हतं. शिंगरू चुलीत गेलं नाही. पलंगाजवळच्या स्टुलावर राहिलं. घोडेकाका मात्र त्याच्याकडे फारसं बघत नसत. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आजारपणाने माणूस असाच होतो, असं काकू लेकीला सांगत.

मग कातारी भेटायला आला. घोडेकाकांचा डोळा लागला होता, म्हणून तो पुढच्या खोलीत उभा राहून फळीवर, बाकाखाली, इकडेतिकडे बघू लागला.

"काय हवंय भावोजी?"

"वहिनी, ते शिंगरू कुठंय?"

काकूंनी कौतुकाने ते स्टुलावरून आणून दिलं. कातारीने हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे नाही. ते दुसरं. घाव ठेवलेलं."

"दुसरं कुठलं? हेच. मी घासलं."

कातारी मटकन बाकावर बसला. त्याला खोटं बोलता आलं असतं, पण त्या वेळी ते सुचलं नाही. "वहिनी, त्याने मला दाखवलं होतं की हो," तो म्हणाला. "अर्धं झालं होतं तेव्हा. मी म्हटलं, अरे, हात फार हलतोय तुझा. तर हसला. म्हणाला, हा हात मला सोडून गेला ते बरंच झालं. इतकी वर्षं तो मला काही करूच देत नव्हता. आता एकेका ठोक्याला थांबावं लागतं, बघावं लागतं, कुठे मारू, कशाला मारू. म्हणाला, पोराच्या अंगाची थरथर लाकडात येतेय, याला कागद लावायचा नाही. आणि म्हणाला, पुरं झालं की आधी तिला दाखवणार." एवढं बोलल्यावर समोरच्या बाईचं तोंड बघून तो उठला, आणि चहा न घेताच निघून गेला.

टेबलाला धरून काकू तशाच उभ्या राहिल्या. हवेत थरथरणारा तो हात त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. तो त्यांनी स्वतः पांघरुणात घातला होता. ज्याला चुलीपासून वाचवायचं म्हणून जिवाचा आटापिटा केला, ते त्यांनी आपल्या हातांनी संपवलं होतं, आणि चुलीपेक्षा सावकाश संपवलं होतं.

त्या आतल्या खोलीत आल्या. घोडेकाका जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?"

"मग फळीवर कशाला ठेवलंत?"

"तुला दाखवायचं होतं," घोडेकाका म्हणाले. "दुसरीकडे कुठे ठेवतात ते मला माहीत नाही."

काकूंना हुंदका आवरेना. "ओरडा तरी हो माझ्यावर! एकदा तरी ओरडा!"

"कशाला ओरडू? तू वाईट काम केलंस का? एवढं चांगलं घासलेलं मी आजवर बघितलं नाही." ते हे मनापासून म्हणत होते, आणि त्यामुळेच ते काकूंना सहन होत नव्हतं.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. बाहेरून शिंगरू आणलं होतं ते त्यांच्या हातातच होतं. काय करावं ते न सुचून त्यांनी डोळे मिटले आणि त्याच्या मानेवर बोट ठेवलं.

"इथे मानेखाली एक लांब घाव होता," त्या म्हणाल्या. "वर खोल, खाली येताना उथळ."

घोडेकाकांनी मान वळवली. "हो."

"पाठीवर कण्याच्या दोन्ही अंगांना बारीक बारीक होते, आडवे. डावीकडचे जरा दाट. कानामागे एक अगदी छोटा, नखाएवढा. पोटावर होते ते एकमेकांत शिरलेले. आणि या गुडघ्यापाशी तुमची पटाशी घसरली होती."

"घसरली नव्हती."

"नव्हती?"

"टेकलेला गुडघा आहे तो. सगळा भार तिथे आहे. त्यावर जोर देऊन उठतंय ते."

काकूंनी त्या गुडघ्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तिथेच माझी बोटं सोलली. काही केल्या जात नव्हता."

घोडेकाकांनी डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरत होतं. "सांग पुढे," ते म्हणाले.

काकूंनी सांगितलं. मागचे पाय, खूर, शेपटीचा बुंधा, एकेक जागा बोटाने दाखवत सांगितली. कुठे चुकल्या नाहीत. त्या शिंगराला जेवढं त्यांनी पाहिलं होतं तेवढं कातारीने नाही आणि जगात दुसऱ्या कुणीच नाही. पुसून टाकायचं म्हणून का होईना, त्यांनी ते सगळं पाहिलं होतं. सांगून संपलं तेव्हा दोघंही रडत होती, आणि लेक दारात उभी राहून आत यावं की नाही ते ठरवत होती.

"मी परत कोरू का?" काकूंनी विचारलं. "पटाशी धरायला शिकेन. जागा सगळ्या ठाऊक आहेत मला."

घोडेकाकांनी मान हलवली. त्यात राग नव्हता. "जागा ठाऊक आहेत गं. पण तू घाव आठवून मारशील. मी शोधून मारले होते."

"मग तुम्ही दुसरं करा. नवीन करा. मी हातसुद्धा लावणार नाही."

त्यांनी आपले दोन्ही हात पांघरुणावर ठेवून काकूंना दाखवले. आता ते थरथरतही नव्हते. नुसते पडून होते.

थंडी संपायच्या आत घोडेकाका गेले. समाचाराला गल्ली लोटली. धाकटे मालकही आले. खुर्चीच्या टोकावर बसून चार बऱ्या गोष्टी बोलले, आणि बोलता बोलता त्यांची नजर स्टुलाकडे गेली. त्यांनी शिंगरू उचललं आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"काय काम आहे काकू! काय हात होता काकांचा!" त्यांनी शिंगरू उजेडात धरलं. "हे दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवू या. खाली काकांचं नाव घालतो, ठळक. इतकी वर्षं कारखान्याचे घोडे केले, त्यांचं स्वतःचं एक तरी लोकांना दिसू दे."

लेक आईकडे बघत होती. तिला वाटलं, आईला बरं वाटेल.

काकू उठल्या आणि त्यांनी मालकांच्या हातून शिंगरू काढून घेतलं.

"नाव घालू नका," त्या म्हणाल्या. "हे त्यांचं नाही. त्यांनी केलं होतं ते मी पुसलं. हे आहे ते माझं काम आहे."

दुःखाने बाई भ्रमल्यासारखं बोलताहेत असं मालकांना वाटलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, तर लेक पदराने तोंड झाकून रडत होती. मग शिंगराकडे बघून ते पुन्हा म्हणाले, "पण किती सुंदर झालंय हो."

"हो," काकू म्हणाल्या, "तेच तर."